तिसऱ्या हाकेपर्यंत

पूर्णेपासून कोसभरावर आमचं रान, आगगाडीच्या रुळाला लागून. निजामाचं राज्य होतं आणि मी लग्न होऊन नुकतीच आलेली. जवारीची मळणी झाली होती, रास खळ्यात पडून होती आणि वारा अगदीच पडलेला. वाऱ्याशिवाय उपणणार कसं? मालक, सासू आणि मी हातावर हात ठेवून बसलो होतो. दिवस मावळला. एक पाखरू बोलेना. मला ते अजिबात आवडलं नाही.

तेवढ्यात कडब्याच्या गंजीवर काहीतरी सरसरलं. बघते तर एक दोरखंड आपला आपण गंजीवरून उतरून आमच्यासमोरून चाललेला. ओढणारं कुणी नाही. खाली पान हलत नव्हतं, पण वर वारा असावा. कारण घराएवढं काळंभोर काहीतरी डोक्यावरून मुकाट तरंगत चाललं होतं. धुराचा वास सुटला. त्या काळ्यातून माणसाचा आवाज आला, अगदी कानाशी बोलल्यासारखा.

"कोई है? रस्सी पकडो!"

मला लगेच उमगलं. पूर्णेच्या बाजारात एक खेळवाला धूर भरलेल्या कापडी गुबाऱ्याला लोंबकळून वर जातो, असं माहेरी ऐकलं होतं. मी उठले, तोंड उघडलं, तर सासूनं पदराचा बोळा माझ्या तोंडावर दाबला. तिन्हीसांजेला न दिसणाऱ्यानं हाक मारली तर दोन हाकांना ओ द्यायची नाही, अशी आमच्याकडची रीत. भूत तिसऱ्यांदा हाक मारत नाही म्हणे. बोळ्यातून मी काय सांगणार, कपाळ! आणि आमचे मालक, एरवी मिशीला पीळ देणारे, मान खाली घालून बसलेले.

दुसरी हाक आली, रडवेली. धूर निवून गुबारा खाली आला होता; त्या माणसाचे पाय धसकटांना टेकलेले मला दिसले. तेव्हा दोर कुणी धरला असता तर तो तिथंच उतरला असता.

मग वारा सुटला. गुबारा आडवा झाला आणि त्या माणसाला धसकटांतून ओढत रुळाकडं निघाला. तिसरी हाक लय लांबून आली. आम्ही तिघंही ओ देत धावलो. तो तारेच्या खांबाशी सापडला, मान मोडलेली, दोराचं वरचं टोक मनगटाला गुंडाळलेलं. खळ्यावर रात्रभर छान वारा होता. उपणायला कुणी उठलं नाही.

सकाळी पोलिसांचे अमीनसाहेब आले. आम्ही काही ऐकलंच नाही, असं सांगायचं मालकांनी ठरवलं होतं. सासू पुढं झाली.

"ऐकल्या, साहेब. दोन्ही हाका ऐकल्या. सुनेचं तोंड म्याच दाबलं."

माझ्या मनात तिच्याबद्दल संताप होता, तो तिथंच गळून गेला.

पुढं ती रोज तिन्हीसांजेला दारात बसायची. मधेच "ओ, आले" म्हणून रानाकडं चालू लागायची. कुणी बोलावलेलं नसायचं. मी हाताला धरून परत आणायची, रागवायची, दिवा लावायची. एका संध्याकाळी मात्र ती उठायच्या आधी मीच ओ दिली.