कौसाकाकूचं भिणं

आमच्या गावची आशा सेविका कौसाकाकू कोणाच्याही घरात शिरली, की राम राम करण्याआधी लहान पोराच्या पोटाला हात लावायची, मग तळपायांना. पोट तापलेलं आणि पायही तापलेले लागले, की तिचा चेहरा उतरायचा. भोकरजवळच्या आमच्या गावात सगळे तिला भित्री म्हणत. मीही म्हणायचे. मी शिकलेली होते, मला फार कळत होतं!

उन्हाळ्यात तर तिला लांबून पाहून लोक दार लोटून घेत. डोक्यावर ओला टॉवेल टाकून ती भर दुपारी फिरायची. "पत्र्याखाली लेकरू निजवू नका," हे एक, आणि दुसरं ठरलेलं, "रडून राहिलं तवर भ्यायचं न्हाई, बाई. गप झालं की भ्या." माझे वडील तिची फिरकी घेत. "कौसाबाई, हिवाळ्यात थंडीला भिता, पावसाळ्यात डासांला, आता उन्हाला. जगायचं कवा?" ती म्हणायची, "पोरं जगू द्या, अण्णा. मग माझं बघू."

मी मे महिन्यात माहेरी बाळंत झाले. मुलगी झाली. घरी येताच आईने रीतीप्रमाणे खोली बंद केली, खिडकीला पोतं लावलं, बाजेखाली शेगडी ठेवली आणि बाळाला कुंची घालून गोधडीत गुंडाळलं. वर पत्रे. बाहेर रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. मी नांदेडला शाळेत विज्ञान शिकवते, तरी बोलले नाही. बाळ-बाळंतिणीला वारं लागू नये, हे माझ्याही अंगात मुरलेलं होतं.

आठव्या दिवशी पोरगी दुपारपर्यंत झोपून राहिली. "किती शहाणी हाय बघ," आई म्हणाली. मलाही बरंच वाटलं. हे सांगताना आजही लाज वाटते.

तेवढ्यात कौसाकाकू आली. तिने हात लावला आणि विचारलं, "दूध कवा घेतलंय हिनं?"

मला आठवेना.

तिने शेगडी उचलून अंगणात नेली, पोतं ओढून काढलं, कुंची सोडली. आई ओरडली, "कौसा, वारं लागंल लेकराला!"

"लागू द्या, वहिनी! भाजून राहिलंय लेकरू!"

ती ओला फडका अंगावरून फिरवत होती. मी पोरीला छातीशी धरलं, तर तिचे ओठ हलेनात.

भावाने शेजारची जीप आणली. भोकरपर्यंत कौसाकाकू फडका ओला करत राहिली आणि मी पोरीची छाती वरखाली होते का, तेवढंच बघत राहिले. प्रत्येक खड्ड्याला वाटायचं, थांबली. तशी भीती देवाने वैऱ्यालाही दाखवू नये.

दवाखान्यात सलाईन लागलं. दीडेक तासाने पोरगी रडली, अगदी बारीक आवाजात. डॉक्टर म्हणाले, धोका टळला. मी कौसाकाकूला सांगायला व्हरांड्यात आले. ती फरशीवर बसली होती. नर्सने दिलेला पाण्याचा ग्लास तसाच शेजारी होता, आणि ती अजून तो ओला फडका पिळत होती.

मी शेजारी बसले. म्हटलं, "काकू, तुला भित्री म्हणायचो आम्ही. चुकलं."

ती म्हणाली, "माझी पैली लेक बी अशीच निजली व्हती. शेगडी मीच फुलवलेली. म्हणलं, झोपलीय तवर दोन घास खाऊन घ्यावं. निवांत जेवले, पोरी. मला कोनी भ्या म्हणलंच न्हाई."