दही घट्ट लागलं

आकडा उतरत नव्हता. भांड्यातल्या दुधाला विरजण घालून चार तास होत आले, तरी मीटर साडेसहावरच.

मी जळगावच्या एका डेअरीत दह्याच्या खात्यावर होतो. शाळा चौथीपर्यंत. पण दह्यातलं मला कुणी शिकवावं असं नव्हतं. आमच्या मेहरूण भागात शेजारीपाजारी विचारायचे, "आबा, पिशवीचं दूध चांगलं कसं ओळखायचं?" मी सांगायचो, "दही लावून बघा. लागलं तर दूध चांगलं."

नव्वदच्या आसपास साहेबांनी पीएच मीटर आणला. त्याला काचेचा दांडा, म्हणजे इलेक्ट्रोड. तो दुधात बुडवला की आंबटपणा आकड्यात दिसतो. दूध आंबत जातं तसा आकडा उतरतो. आता म्हशीची कास सुजली की सडात पेनिसिलिनसारख्या औषधाची ट्यूब सोडतात. ते औषध दुधात येतं आणि विरजणातले जंतू मारतं. मग दूध आंबतच नाही. उकळूनही औषध जात नाही.

त्या दिवशी विरजणच मेलं नसेल ना, म्हणून त्याच विरजणानं दुसऱ्या टाकीतलं दूध लावलं. ते छान आंबलं. म्हणजे खोट धुळ्याकडून आलेल्या टाकीत.

तिकडून कॅन आणणाऱ्याला धरलं.

"आबा, दूध ते बठ्ठं ताजं शे!"

"कास कोणाच्या म्हशीची सुजली?"

"दोन-तीन म्हशीस्नी सुजेल शे. मंग दूध काय उकिरडावर फेकानं?"

मी साहेबांना म्हटलं, "टाकी गटारात सोडा."

"आणि सकाळच्या पिशव्या पाण्यानं भरू?"

"साहेब, पेनिसिलिनच्या एका सुईनं माझ्या बायकोचा घसा सुजला होता. मरता मरता वाचली. गावात अशी अजून असतील."

साहेबांनी मीटर जवळ ओढला. मग भांडी मागवली. भांड्यागणिक त्या दुधात चांगलं दूध वाढवत नेलं. प्रत्येक भांड्यात विरजण, प्रत्येकात दांडा. शेवटच्या भांड्यात आकडा उतरला.

"आंबलं! याच हिशोबानं मिसळा."

"औषध गेलं नाही, साहेब. विरजण मारण्याइतकं उरलं नाही, एवढंच."

"मीटर पास करतो ना?"

"मी टाकीच्या व्हॉल्व्हला हात लावणार नाही."

"मग कॅन धुवायला जा."

गेलो. व्हॉल्व्ह दुसऱ्यानं उघडला.

घरी सांगितलं, पिशवीच्या दुधाला शिवायचं नाही. बायको म्हणाली, "आन् गल्लीतल्यांनी?" दारोदार फिरलो. कुणी हसलं. कुणी म्हणालं, "कॅन धुवायला लावलं, म्हणून आबा भडकले."

दुसऱ्या दिवशी शेजारची लीला वाटी घेऊन आली. माझ्यासमोर उपडी धरली. दही हललंसुद्धा नाही.

"तुमचंच सांगणं ना, आबा? बघा कसं लागलंय!"

आमच्या घरी तेव्हापासून कोरा चहा. गल्लीत पिशव्या येतच राहिल्या.

मीटर मात्र चांगला होता. दुधात औषध आहे हे त्यानंच सांगितलं, आणि किती मिसळलं की ते लपतं, हेही त्यानंच.