पाचवीच्या दिवशी गौराबाई बोलली

गौराबाईला आमच्या लोकांत आता कुणी बाळंतिणीला न्हाऊ घालायला बोलावत नाही. का, म्हणून विचारा, घरोघरी वेगळं उत्तर मिळेल. कुणी म्हणेल वय झालं, कुणी म्हणेल हात जड झाला, कुणी म्हणेल तोंड फार चालतं. तोंड चालतं हे खरं. बाकी सगळं खोटं. कारण काय ते मला माहीत आहे. घडलं तेव्हा मी तिथंच नारळ खवत बसले होते आणि तिला गप्प बसवणाऱ्यांत मीही होते.

गौराबाई रंगाऱ्यांची. तिच्या सासरचे लोक एके काळी लुगडी रंगवायचे, छापायचे. ते काम बंद पडलं, नवरा अप्पाराव लवकर गेला, तेव्हा सासूनं तिला दुसरं काम शिकवलं. बाळबाळंतिणीला तेल लावायचं, न्हाऊ घालायचं, शेक द्यायचा. चाळीस वर्षं मैसुरातल्या मराठी घरांतून ती हेच करत आली. माझ्या दोन्ही मुली तिच्याच हातच्या. मोरीत बैठ्या पाटावर बसायची, दोन्ही पाय लांब सोडायची आणि बाळाला पिंडऱ्यांवर पालथं घालायची. "डोळ्यांना काय कळतंय वनजाक्का," म्हणायची, "सगळं पायांना कळतंय." कावीळ असो, पोटात वारा धरलेला असो, डॉक्टरच्या आधी तिच्या पायांना कळायचं. बोलणं मात्र असं की बाळंतीण चार वेळा रडायची. "दूध येत नाही म्हणे! पाणी पितेस का दिवसातून? काय मोबाइल पाजतेस पोराला?"

आता तुळसीचं सांगते. तुळसी ही माझे मोठे भावजी रणोजीराव यांची एकुलती एक मुलगी. भावजींचा घोडदळाचा अभिमान तुम्हाला माहीत नसेल तर तुम्ही भाग्यवान. पणजोबा मैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते. भावजी स्वतः कुवेंपुनगरातल्या घरातून बँकेत स्कूटरनं जाऊन-येऊन रिटायर झाले, पण बोलताना अजून मांड टाकूनच बोलतात. तुळसी मैसुरातल्याच हेब्बाळच्या एका कंपनीत कामाला होती. एकदा पावसात स्कूटर घसरली आणि तिच्या पाठीच्या मणक्याला मार लागला. डॉक्टरांनी दुखण्याच्या जोरकस गोळ्या दिल्या, दोन महिन्यांनी बंद केल्या. दुखणं बंद झालं नाही. शिफ्टमधल्या कुणीतरी तसल्याच गोळ्या चिठ्ठीशिवाय आणून द्यायला सुरुवात केली. पुढं पाठ दुखायची थांबली, गोळी थांबेना. एका दिवसाला आठ-आठ. लग्न झालं, बेंगळुरात दामोदरच्या घरी गेली, दिवस राहिले, आणि आमच्यापैकी एका शहाण्याला काही कळलं नाही. मी तीस वर्षं हायस्कुलात जीवशास्त्र शिकवलं. काय उपयोग झाला?

तिनं सोडायचा प्रयत्न केला नाही असं नाही. मला नंतर सांगितलं तिनं. "काकू, तीनदा सोडली. सोडली की अंग मोडून यायचं, पोटात कळा यायच्या आणि बाळ आत नुसतं धडपडायचं. मला वाटायचं मरतंय ते. भिऊन परत घ्यायचे." कुणाला विचारणार? विचारायचं म्हटलं तर आधी सांगावं लागतं. अशा वेळी एकदम सोडायची नसते, डॉक्टरच्या देखरेखीत औषध बदलायचं असतं, हे तिला कुणी सांगितलंच नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्यात आली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी नीट विचारलं होतं. "गोळ्या, तंबाखू, दारू, काहीही असलं तर सांगा. मी रागावणार नाही. बाळासाठी विचारते." तुळसीनं तोंड उघडायच्या आत आमच्या भागीरथी अक्का, म्हणजे तिची आई, म्हणाल्या, "अय्यो डॉक्टर! आमच्या घरात असलं काही नसतं हो." तुळसी जमिनीकडं बघत राहिली. फाइल माझ्या हातात होती. मला वाटलं, पोर लाजली.

मुलगा झाला. सव्वादोन किलोचा, हातपाय बारीक. तिसऱ्या दिवशी तो थरथरायला लागला. एकसारखा शिंकायचा, घामाघूम व्हायचा, स्तन तोंडात धरून सोडून द्यायचा. रडणं तर असं की भिंतीपलीकडच्या बायका येऊन बघून जायच्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आठवडाभर ठेवा, मला याच्यावर लक्ष ठेवायचं आहे. भावजी म्हणाले, "परवा पाचवी आहे. आमच्या घराण्यात सटवाईची पूजा दवाखान्यात झालेली नाही." सही केली आणि चौथ्या दिवशी बाळ-बाळंतीण घरी आणली.

आमच्यात पाचवीला बाळाच्या उशाशी तलवार ठेवतात. खरी, पणजोबांची. शेजारी कोरा कागद आणि पेन. संध्याकाळनंतर सटवाई येऊन नशीब लिहिते म्हणे. पूजेपासून सकाळपर्यंत बाळानं उंबरा ओलांडायचा नाही. भावजींनी त्यात आणखी भर घातली होती, पाचवीच्या सकाळपासूनच नाही. बेंगळुराहून व्याही आले होते, दामोदर आणि त्याची आई रुक्मिणीबाई. घरात पुरणाचा वास, हॉलमध्ये मोठमोठ्यानं गप्पा, आणि आत ते पोर किंचाळत होतं. सगळे म्हणत होते, गळा चांगला आहे हो.

सकाळी दहाला गौराबाई आली. बाळाला पायांवर घेतलं आणि तिची बडबड थांबली. तेल लावता लावता थांबली. पाणी घातलंच नाही, कोरडं पुसून दुपट्यात घट्ट गुंडाळलं आणि माझ्या हातात दिलं. मग तुळसीला मोरीत घेऊन दार लावलं. तुळसीला जांभयांवर जांभया येत होत्या, अंगावर काटा उभा होता, नाक वाहत होतं. दवाखान्यात गेल्यापासून तिलाही गोळी मिळाली नव्हती. गौराबाईनं तिला एकच विचारलं, "किती दिवस घेतेस?" आणि पोरीनं सांगून टाकलं. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिला सरळ विचारलं होतं.

गौराबाईला कसं कळलं? तिचा नातू असाच थरथरत होता, बारा वर्षांपूर्वी. मुलगा आणि सून दोघंही पुडीच्या नादी लागलेले. हिला ठाऊक होतं, तरी घराची लाज म्हणून बोलली नाही. सगळ्यांनी ग्रह लागला म्हणून लिंबं उतरवली, धूर केला. नवव्या दिवशी पोर गेलं. एवढंच तिनं मला एकदा सांगितलं, पुन्हा कधी त्यावर बोलली नाही.

ती स्वयंपाकघरात आली आणि हळू आवाजात अक्कांना सगळं सांगितलं. "आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. डॉक्टरला खरं सांगा. औषध असतं ह्याला." अक्कांचा चेहरा पांढरा पडला. दारातून हॉलकडं बघितलं आणि म्हणाल्या, "आज नको ग बाई. व्याही बसलेत." आणि मी काय म्हणाले असेन? म्हणाले, "गौराबाई, पूजा होऊ दे. उद्या सकाळी मी स्वतः नेते. एका दिवसात काय होतंय?"

हे माझं वाक्य. अजून कानात आहे. चुलीत घालावी असली जीभ.

गौराबाईनं माझ्याकडं बघितलं. कॉफीचा पेला खाली ठेवला, पदर खोचला आणि सरळ हॉलमध्ये जाऊन उभी राहिली. "रणोजीराव, तुमच्या पोरीला गोळ्यांचं व्यसन आहे. बाळाला पोटातच ती सवय लागली. आता गोळी तुटली म्हणून ते तडफडतंय. तुम्ही हरबऱ्याच्या डाळीचं पुरण करत बसलाय. उठा, गाडी काढा."

रुक्मिणीबाईंचा हात ताटलीवरच राहिला. भावजी ताडकन उठले. "साकु!" ओरडले. पुरे म्हणून सांगायलाही त्यांना मराठी सुचेना, राग आला की कानडीच येतं. "न्हाणीतली बाई तू, माझ्या घरात उभी राहून माझ्या पोरीवर आळ घेतेस? चल, बाहेर हो!"

तेवढ्यात आतल्या दारात तुळसी आली. बाळ कवटाळलेलं, केस ओले. "आळ नाही अप्पा. खरं आहे ते," म्हणाली. पुढं काही म्हणणार होती, पण बाळाचं रडणं मध्येच तुटलं. अंग ताठ झालं, डोळे वर गेले, एक हात झटके देऊ लागला. दामोदर भिंतीला चिकटून उभा राहिला, नुसता बघत. आणि अक्का, सख्खी आजी, दार अडवून उभ्या! "आज उंबरा नको, आज उंबरा नको" एवढंच बोलत होत्या. गौराबाईनं त्यांना खांद्यानं बाजूला सारलं, तुळसीचा दंड धरला आणि दोघींना घेऊन रस्त्यावर उतरली. मी धावत जाऊन ऑटो थांबवला. त्या दिवशी मी केलेलं शहाणपणाचं काम तेवढंच.

बाळ वाचलं. चोवीस दिवस थेंबथेंब औषध दिलं, रोज थोडं कमी करत. अंधाऱ्या खोलीत ठेवायचं, घट्ट गुंडाळायचं, आणि नर्स सारखी सांगायची, आईच्या छातीवर ठेवा, तिथं ते लवकर निवतं. खरंच निवायचं. मी बघितलंय. तुळसीच्या गळ्याशी नाक खुपसून ते झोपायचं आणि तीही तशीच बसल्या बसल्या झोपायची. डॉक्टरीणबाईंनी तिचंही औषध तिथंच सुरू केलं आणि पुढच्या उपचाराचा कागद लिहून दिला. "हा आजार आहे, गुन्हा नाही. बाळाएवढीच हिलाही गरज आहे," असं भावजींना समोर बसवून सांगितलं.

भावजींनी कागद घडी करून खिशात ठेवला. "आमच्या रक्तात असली दुबळी माणसं नसतात. चार दिवस दार लावलं की सुटेल."

पंचविसाव्या दिवशी रुक्मिणीबाई दवाखान्याच्या फाटकातूनच बाळाला घेऊन बेंगळुराला गेल्या. तुळसी गाडीच्या काचेवर हात मारत होती. दामोदरनं काच खाली केली नाही. घरी आणून भावजींनी तिला मागच्या खोलीत कोंडलं, बाहेरून कडी. दूध भरून छाती दगड झालेली, त्यात उलट्या, जुलाब, अंगात पेटके. बाळाला औषध थेंबाथेंबानं कमी केलं, आणि हिला कडी! तिसऱ्या दिवशी भावजी देवळात गेलेले असताना गौराबाई आली. अक्कांनी कडी काढली आणि भावजींच्या खुंटीवरच्या सदऱ्यातला तो कागद आणून तिच्या हातात दिला. तेवढं तरी त्यांनी केलं. गौराबाईनं तुळसीला आपल्या दोन खोल्यांच्या घरात नेऊन ठेवलं.

त्या पाचवीपासून तिला आमच्यात कुणी बोलावत नाही. भरल्या घरात लाज काढणारी बाई कुणाला हवी? ज्यांची तीन-तीन पोरं तिनं पायांवर घेतली, त्या बायका बाजारात तिला बघून रस्ता ओलांडतात. आता ती लग्नाच्या कल्याणमंडपात भांडी घासते. तुळसीला घेऊन आठवड्यातून एकदा सरकारी दवाखान्यात जायची, रांगेत उभी राहायची, औषध घेतलेलं डोळ्यांनी बघायची. मध्ये एकदा तुळसी घसरली. गौराबाईनं शिव्या घातल्या, जेवायला घातलं आणि दुसऱ्या दिवशी परत रांगेत. आज चार वर्षं झाली, तुळसीनं गोळीला हात लावलेला नाही. जयलक्ष्मीपुरमात झेरॉक्सच्या दुकानात कामाला आहे. घटस्फोटाच्या कागदावर सही करताना तिनं एकच मागितलं, वर्षातून एकदा मुलाला बघू द्या. रुक्मिणीबाई हो म्हणाल्या, पण एका अटीवर. आपण कोण ते त्याला सांगायचं नाही. मुलाला सांगितलंय की आई बाळंतपणात गेली.

गेल्या महिन्यात त्याचा पाचवा वाढदिवस होता. तुळसी, गौराबाई आणि मी, तिघी बसनं बेंगळुराला गेलो. मल्हार नाव ठेवलंय. उंचापुरा, चुणचुणीत, एका जागी बसेल तर शपथ. तुळसीनं आणलेलं खेळणं त्यानं लगेच फोडलं आणि विचारलं, "तुम्ही कोण?"

रुक्मिणीबाई हसत म्हणाल्या, "ह्या मैसूरच्या बायका रे. तू लहान होतास ना, तेव्हा तुला न्हाऊ घालायच्या."

त्यानं आमच्याकडं एकेक करून बघितलं. तुळसीपाशी थांबला. "तू पण?"

"मी पण."

"मी रडायचो?"

"हो."

"खूप?"

"खूप रे."

"का?"

तुळसी फुटलेल्या खेळण्याचे तुकडे उचलायला लागली. दामोदर फुगा फुगवत होता, तो तसाच तोंडात धरून उभा राहिला. मग रुक्मिणीबाई म्हणाल्या, "का म्हणजे? पाणी कढत ओतायच्या ह्या. लक्ष कुठं असतं ह्यांचं?"

मी गौराबाईकडं बघितलं. चाळीस वर्षांत तिच्या हातून एका बाळाला चटका लागलेला नाही. कानाच्या पाळ्या लाल झाल्या तिच्या. मला वाटलं, आता ही बोलणार, आणि मनात म्हटलं, बोल बाई, या वेळी मी नाही अडवणार. पण तुळसीनं तिचा पदर मुठीत गच्च धरला होता. पुढच्या वर्षीही ह्या घराचं दार तिच्यासाठी उघडायला हवं होतं ना.

गौराबाई मल्हारकडं वळली. "होय बाळा," म्हणाली, "पाणी कढत होतं. माझंच चुकलं."

मल्हारनं तिच्याकडं रागानं बघितलं आणि आजीच्या मागं जाऊन उभा राहिला.