पन्नास किलोच्या आत

आबा माथाडी. वाशीच्या दाणा बाजारात त्यांनी तीस वर्षं गोण्या वाहिल्या. पन्नास किलोच्या वरच्या गोणीला हात लावायचा नाही, हा त्यांच्या टोळीचा नियम. त्यापायी ते व्यापाऱ्यांशी हमरीतुमरीवर येत. लकव्यानं डावं अंग गेलं तेव्हा ते अडुसष्ट किलोंचे होते आणि घरात उचलणारी मी, त्यांची लेक, एकटी.

पहिल्याच आठवड्यात माझी कंबर धरली. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून संडासात. आबा पडल्यापडल्या शिकवायचे, "पाठीत वाकू नगंस. गुडघ्यात बस. वझं अंगाशी घे, मंग ऊठ." मी करवादायचे, "आबा, गोणी बरी, ती निदान गप्प बसते." ते हसायचे. पण उठताना मी कण्हले, की त्यांचा चेहरा उतरायचा.

वर्षभरात मला जमायला लागलं. काय टेंभा मिरवला मी! आत्याला फोनवर सांगितलं, "आता एका झटक्यात उचलते." आबांच्या ताटात अर्धी भाकरी उरायची. "पडून ऱ्हाऊन भूक कुठली लागतीया," असं ते म्हणत. मला ऑफिसची घाई. ताट उचलून मोकळी व्हायचे.

एकदा खोकल्यासाठी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी त्यांचा दंड चिमटीत धरला आणि वजन करायला सांगितलं. त्यांना उभं राहता येईना. मग आधी माझं एकटीचं वजन केलं, नंतर त्यांना पाठकुळी घेऊन काट्यावर चढले. कंपाउंडरनं वजाबाकी केली. "एकोणपन्नास."

माझ्या कानाशी आबा पुटपुटले, "झालं तर. नेमात बसलो."

कळायला मला क्षण लागला. "आबा, माझ्यासाठी पोट मारलंत?"

"आमी गडी असून पन्नासच्या वर उचलत नव्हतो, पोरी. तुला कसं उचलाय लावू?"

त्या दिवसापासून मी दुधात भाकरी कुस्करून भरवायला लागले. रागावले, रडले, शपथा घातल्या. तेही बिचारे तोंड उघडायचे, पण दोन घासांपुढे जायचंच नाही. दिवाळीच्या आधी ते गेले.

जिन्यावरून त्यांना टोळीतल्या जुन्या चौघांनी खाली नेलं. त्यातला एक मला धीर द्यायला म्हणाला, "कायबी तरास न्हाय, पोरी. लई हलकं हायती."

त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली मला. मग वाटलं, आधी माझ्याच.