ओकुतामातला न हलणारा ठिपका

पद्मिनीताई कारखानीसांना बढाईखोर माणसांचा भारी तिटकारा. तशी बाई मायाळू. बावीस वर्षं ग्योतोकुत राहिलेली, तिथल्या जपानी शाळेच्या स्वयंपाकघरात पार्टटाइम राबलेली. भूकंपाच्या दिवशी गाड्या बंद पडल्या तेव्हा ताई निहोनबाशीहून घरापर्यंत पायी आल्या, वाट विचारत विचारत. तेव्हापासून त्यांना नकाशांचं वेडच लागलं. पुढे दर महिन्याला पाचदहा मराठी मंडळींना घेऊन त्या डोंगरात जाऊ लागल्या. नावं, वाट आणि परतीची वेळ लिहिलेली चिठ्ठी पायथ्याला पोलिसांनी ठेवलेल्या पेटीत पडल्याशिवाय कुणाला पाऊल उचलू देत नसत.

अशा मंडळींत संजीव आला. मुंबईच्या बँकेतून तीन वर्षांसाठी आलेला, फुनाबोरीत राहणारा. पहिल्याच दिवशी जाकिटाला साबणाच्या वडीएवढं केशरी यंत्र लटकवलेलं.

"मोबाइलला रेंज नसली तरी यातून थेट सॅटेलाइटवरून मेसेज जातो, ताई. तुमच्या चिठ्ठ्या आता म्युझियमला द्या," तो म्हणाला.

सगळे हसले. त्याची बायको नीलिमा तेवढी हसली नाही. तिने गुपचूप दोघांची चिठ्ठी लिहून पेटीत टाकली. ताईंना तेव्हाच वाटलं, पोरगी शहाणी आहे, पडली मात्र उथळ पाण्याच्या गळ्यात.

नोव्हेंबरात ताईंचा गुडघा धरला, म्हणून त्या रविवारी ते दोघंच ओकुतामाच्या डोंगरात गेले. जाताना संजीवने यंत्रात ताईंचा नंबर घातला. दर तासाला निरोप येईल, सोबत नकाशावर ठिपका दिसेल, घरबसल्या बघा म्हणाला. हौस कसली, मिरवायला प्रेक्षक हवा होता.

अकराला निरोप आला, "सगळं ठीक." बाराला आला. एकला आला, दोनला आला. पण दोनचा ठिपका एकच्या जागेवरून हललाच नव्हता. ताईंनी आपला कागदी नकाशा पसरला. ठिपका एका नाल्यात होता. तिथली वाट २०१९च्या वादळात वाहून गेली होती आणि ताईंनी ती लाल पेन्सिलीने खोडून ठेवली होती. संजीवच्या फोनमधल्या नकाशात ती अजून ठळक असणार, आणि हा पठ्ठ्या डोळे मिटून तिच्यावरून गेला असणार.

ताईंनी लिहिलं, "तिथे काय करताय? लगेच मागे फिरा. साडेचारला अंधार पडतो."

"रेस्ट घेतोय, ताई. व्ह्यू मस्त आहे."

नाल्यात कसला डोंबलाचा व्ह्यू? तिन्ही बाजूंनी तर कातळ.

"नीलिमाला दोन शब्द लिहू दे."

त्यावरही एवढंच आलं, "सगळं ठीक."

हे काहीतरी भलतंच आहे, पोलिसांना कळवायला हवं. चूक निघाली तर सगळी मराठी मंडळी आपल्याला हसतील, हेही मनात येऊन गेलं. हसू दे मेल्यांना, म्हणत त्यांनी पोलिसांना फोन लावला आणि ठिपक्याचा पत्ता आकड्यांसकट वाचून दाखवला.

बचाव पथकाने नीलिमाला स्ट्रेचरवरून उतरवलं तेव्हा पुरता अंधार झाला होता. गुडघ्याखाली हाड मोडलेलं, आणि साडेबारापासून ती अर्धी पाण्यात. आणखी दोन तास गेले असते तर ती वाचती ना, असं डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्पितळाच्या व्हरांड्यात संजीवने ताईंना गाठलं.

"यंत्रावरचं एसओएसचं बटण दाबलं की मदत केंद्रातले लोक आधी इमर्जन्सी कॉन्टॅक्टला फोन करतात, ताई. तिथे मी बुचोंचा नंबर दिलाय."

बुचो म्हणजे त्याचे वरचे साहेब. पोस्टिंगवर आलेल्या माणसाची ही खोडच. घराचा करार असो, पोराची शाळा असो, फॉर्म दिसला की त्यावर कंपनीच्या साहेबांचं नाव. तसंच यानेही ठोकून दिलं होतं.

"माझ्या पोस्टिंगच्या एक्स्टेन्शनचा निर्णय याच आठवड्यात आहे. रविवारी साहेबांना असा फोन गेला असता तर? मला वाटलं, जरा वेळाने ती लंगडत का होईना उतरेल. आता कुणी विचारलं तर यंत्र बिघडलं होतं म्हणा ना. आणि ते मेसेज डिलीट करा, प्लीज."

ताईंना शिसारी आली. याच्या शेजारी उभं राहणंही नको वाटलं.

"बायको पाण्यात गारठत होती आणि तुला साहेबांच्या रविवारची काळजी? थू तुझ्या नोकरीवर," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

नीलिमा प्लास्टरमध्ये पडून होती. तिने ताईंचा हात धरला.

"बरं झालं त्याने एसओएस दाबलं, ताई. मी सारखी विचारत होते. तो म्हणायचा, दाबलंय, निघालेत, पोचतीलच. त्या एका आशेवर मी डोळे उघडे ठेवले."

दारात संजीव उभा होता. त्याने ताईंकडे बघून हात जोडले.

ताईंना क्षणभर वाटलं, दुखणाईत पोर आहे, आज नको. पण मग उद्या तरी कुठल्या तोंडाने सांगणार? आणि गप्प बसलो तर आपण याच्याच पंगतीला. त्यांनी पर्समधून फोन काढला, निरोपांची यादी उघडली आणि तिच्या हातात दिली.

नीलिमाने ती वाचली. बोटाने वर सरकवून पुन्हा पहिल्यापासून वाचली. संजीव "नीलू, ऐक ना" म्हणत पुढे आला, पण तिने मान वर केली नाही.

"ताई," ती म्हणाली, "इथून सोडलं की मला तुमच्या घरी न्याल?"