पल्याड नसलेलं पाणी

आमचे खुशालमामा मूर्तिजापूरचे. शेती बेताची, आवाज मोठा आणि रोडगे एक नंबर. आसपासच्या गावांत कुणाचा नवस फिटायचा असला की मामांना बोलावणं ठरलेलं. जाडसर कणकेचे ते गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायला बसले, की मामा कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत. पंगत ताटावर ताटकळली तरी चालेल. "घाईचा रोडगा आतून कच्चा राह्यते," असं म्हणतात, आणि हा नियम त्यांनी रोडग्यांपुरता ठेवला असता तर बरं झालं असतं.

कारण या माणसाच्या सवडीसाठी जन्मभर थांबली ती जमुनामामी. तिचं माहेर पूर्णेच्या काठचं. वडिलांचं वावर नदीच्या पलीकडं होतं, म्हणून लहानपणी रोज डोंग्यानं जाणं-येणं. पुढं पूल झाला, डोंगा गेला. मामीची एकच हौस उरली होती आणि ती तिनं मला कितीदा तरी सांगितली होती. "बसलं न बसलं का पल्याडचा काठ येऊन जाये. मले एक डाव असं पाणी पाहाचं हाय, ज्याले पल्याडच नाही." एवढंच. सोनं मागितलं नाही, काशी मागितली नाही.

त्यांचा मुलगा नितेश पुण्यात नोकरीला लागला आणि तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत त्यानं कोकणात एक बोट ठरवली. दिवसभर फक्त आपल्यासाठी. खाडीतून बाहेर पडायचं, किनाऱ्याकिनाऱ्यानं किल्ल्यापर्यंत जायचं, संध्याकाळी परत. मीही बरोबर होतो. मामांनी घरून कणीक, वांगी आणि पोतंभर गोवऱ्या आणल्या होत्या. रेल्वेत लोक त्या पोत्याकडं बघत होते आणि मामा लोकांकडं.

खाडीकाठच्या गावात आम्ही अंधार पडल्यावर पोचलो. समुद्र टेकडीच्या मागं होता, त्याचा नुसता आवाज येत होता. बोटवाल्यानं बजावून ठेवलं, "सकाळी लवकर या. पाणी उतरायच्या आत खाडीच्या तोंडातून बाहेर पडायला हवं."

सकाळी मामा धक्क्याजवळ चूल मांडून बसले. नव्या पाण्याला आधी रोडग्याचा नैवेद्य, मग पाय. आमच्याकडं नवी विहीर लागली तरी मामा हेच करतात. पण खाऱ्या हवेत गोवऱ्या सर्दावल्या होत्या. नुसता धूर. मामा फुंकून फुंकून लाल झाले.

"काका, पाणी उतरायला लागलं. आता निघूया," बोटवाला येऊन म्हणाला.

"उतरू दे न. पाणी काय एस्टी हाय, सुटून जाईन?"

"बाबा, तो सांगून राहिला त ऐका न," नितेश म्हणाला. "रोडगे बोटीत खाऊ."

"कच्चे? देवाले कच्चे दाखवू? बोट दिवसभराची केली न आपण? मंग."

मामांची चूक कळायला वऱ्हाडात जन्मावं लागतं. आमची नदी पावसाळ्यात भरते, उन्हाळ्यात आटते. सकाळी जाऊन संध्याकाळी परत येणारं पाणी आम्ही कधी पाहिलेलंच नाही. मामी धक्क्यावर नव्या लुगड्यात बसली होती. मी तिला म्हटलं, तू तरी बोल. ती म्हणाली, "होऊ दे त्यायचं. रागावतीन."

रोडगे झाले. खरं सांगायचं तर अप्रतिम झाले. पण तोवर खाडीत चिखल उघडा पडला होता आणि आमची बोट त्यात एका कुशीवर कलंडून बसली होती. पाणी संध्याकाळी परत येणार होतं, आणि तेव्हा निघालं तर रात्रीच्या गाडीचं रिझर्वेशन चुकणार होतं. बोट राहिलीच, आणि टेकडी चढून समुद्र बघणं मामीच्या गुडघ्यांना झेपणारं नव्हतं. मामी रोडगा खाता खाता म्हणाली, "चांगले खमंग झाले." मला मामांचा इतका राग आला की मी एका रोडग्यावरच उठलो. तो राग अजून पुरता गेलेला नाही.

"पुढच्या वर्षी येऊ," मामा म्हणाले. पुढच्या वर्षी तुरीची सवंगणी-कापणी होती, मग पुतणीचं लग्न होतं. मामीची साखर तेवढ्यात वाढत गेली. एक डोळा गेला तेव्हा तिनं कुणाला सांगितलं नाही, दुसरा अंधारायला लागला तेव्हा अकोल्याच्या डॉक्टरांनी विचारलं, आजपर्यंत कुठं होतात? पुढं तो दुसराही गेला.

यंदा मामांनीच नितेशला फोन केला. "बोट कर."

या वेळी ते झुंजुमुंजूलाच धक्क्यावर हजर होते. गोवऱ्या नाहीत, कणीक नाही, चहासुद्धा घेऊ दिला नाही कुणाला. मामीला त्यांनी हात धरून बोटीत बसवलं आणि जवळ टेकले. खाडीचं तोंड ओलांडलं तशी बोट वरखाली व्हायला लागली. मामीनं एक हात बाहेर सोडून पाण्याला लावला.

"सांगा न काय दिसते," ती म्हणाली.

ज्या माणसानं आयुष्यभर बायकोला हुकूम सोडून काही सांगितलं नाही, तो सांगायला लागला. "निळं हाय."

"आन्?"

"लय हाय." मग मान उंचावून, "वावरात उभी तूर डुलते न वाऱ्यानं, तसं हालते." किल्ला आला, तो सांगितला. पक्षी सांगितले. त्यांना शब्द सुचत नव्हते आणि ते घामाघूम झाले होते, पण थांबले नाहीत.

पुढं किनारा मागं पडला. मामीनं तोंड समोर केलं. "पल्याड दिसते का काही?"

मामांनी कपाळावर आडवा हात धरून नीट पाहिलं. "नाही वं. काहीच दिसत नाही."

"मंग मले दिसते तसंच हाय," मामी म्हणाली.

मामांनी तिचा ओला हात आपल्या धोतराला पुसला आणि तो हातात धरून ठेवला. संध्याकाळी धक्क्याला लागेपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.