वन्संची बर्बीन

ज्या रोपावर वन्संची माया बसे, त्याचा शेंडा सगळ्यांत आधी खुडत. रोप जेमतेम चार बोटं वर आलेलं असे, आपण कौतुकाने बघत असावं, आणि त्यांनी नखाने त्याचं टोक टचकन काढून टाकावं. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी एकदम हात पुढे केला. त्यांनी चेहऱ्यावरून ओळखलं. म्हणाल्या, "तसंच सोडलं तर काडीसारखं सरळ वाढतं, एक झुपका फुलतो आन संपतं. खुडलं की मंग अंगानं पसरतं."

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांच्या थोरल्या बहीण. मी लग्न होऊन हसनाबादेहून अंबडला आले, तेव्हा त्या विधवा होऊन भावाच्या घरी राहत होत्या. त्यांचं सासर जांबेचं, पण त्यांचे यजमान जालन्याच्या छावणीत कुणा गोऱ्या साहेबाच्या कचेरीत कारकून होते. त्या साहेबाच्या मडमेने आपल्या बागेतल्या व्हर्बिनाचं बी वन्संना दिलं होतं. नवरा गेल्यावर भांडीकुंडी, दागिने सगळं सासरी राहिलं. बी तेवढं लुगड्याच्या पदराला बांधून अंबडला आलं. व्हर्बिना हे नाव आमच्या घरात कुणाच्या जिभेवर बसलं नाही. आम्ही बर्बीन म्हणायचो.

जांभळ्या, लाल, गुलाबी बारीक फुलांचे झुपके, प्रत्येक फुलाच्या मधोमध पांढरा ठिपका. दिसायला सुरेख, पण वास नाही, देवाला कुणी वाहत नाही, वेणीत टिकत नाही. नवी असताना मी जरा खोचकपणेच विचारलं होतं, "वन्सं, ह्या फुलांचा उपयोग काय?"

"काईच न्हाई," त्या म्हणाल्या. "उपयोगाचं असतं तर माझ्या हातून घेतलं असतं लोकांनी. हे कुणी मागत न्हाई, म्हणून माझ्यापाशी राह्यलं."

त्यावर माझा हात केसांकडे गेला. मोगऱ्याचा गजरा तेव्हा माझ्या केसांत होता.

त्या फुलांसाठी त्या काय काय करत. आमच्या परसातली माती काळी, पाणी धरून ठेवणारी. त्यांनी ओढ्यातली वाळू आणि कुजलेलं शेणखत कालवून भिंतीकडेला उंच वाफा केला होता. दसरा झाला की मातीच्या परातीत बी पेरायचं आणि वर गोणपाट झाकायचं. "उगवेस्तोवर ह्याला उजेड सोसत न्हाई, आन उगवलं की उजेडाबिगर ऱ्हात न्हाई," असं त्या म्हणत. सुकलेले झुपके रोज काढायचे. पाणी सकाळीच, आणि मुळाशीच. पानावर थेंब उडाला तरी त्या पदराने टिपून घेत.

माझे यजमान कोर्टात नक्कलनवीस होते. दिवसभर उर्दू कागदांच्या नकला उतरवून मान आखडलेली असायची. घरी आले की चपला काढून सरळ परसात. "अक्का, आज किती झुपके आले?" मी चहाचा कप घेऊन दारात उभी असायची. चहा निवायचा. मला वाटायचं, माझ्यात मोजण्यासारखं काहीच नसावं. मीही त्या वाफ्याशेजारी अबोली लावली. तिला दिवसातून तीनदा पाणी घातलं, ती कुजून गेली. वन्सं हळहळल्या, आणि त्या हळहळण्याचाही मला राग आला.

मग मालू झाली. ती रांगायला लागली तशी त्या वाफ्याकडेच जायची. भात आत्याच्या हातचा, वेणी आत्याने घातलेली, ताप आला तर हाक आत्याला. एकदा मी तिला उचलायला गेले, तर तिने वन्संचा पदर मुठीत घट्ट धरला. वन्संनी हसत तिची बोटं सोडवली आणि तिला माझ्याकडे दिली. दिली, हेच मला लागलं. माझी मुलगी मला कुणी द्यावी लागावी?

मालू पाच वर्षांची असताना वन्सं दासनवमीच्या उत्सवासाठी जांबेला गेल्या. बर्बीन भर बहरात होती, बी अजून धरायचं होतं. निघताना म्हणाल्या, "सिंधू, आठ दिवस तूच बघ. सकाळी, मुळाशी. तुला म्हाईतच हाय."

मला माहीत होतं. म्हणूनच मी रोज दिवस कलल्यावर घागर घेऊन जायची आणि पानाफुलांवरून उपडी करायची. हे लिहायला आज लाज वाटते. मालू दारात उभी राहून बघायची. एकदा म्हणाली, "आई, आत्या असं नाही घालत." मी म्हणाले, "घरात जा."

आठव्या दिवशी पानांवर पांढरी भुरी पसरली होती आणि बुंधे काळे पडले होते. वन्सं आल्या, बोचकं खाली ठेवलं आणि वाफ्याशी बसल्या. एक पान बोटांनी चोळून पाहिलं.

"पाणी वरून पडलं वाटतं," त्या म्हणाल्या.

"मालूनं घातलं," मी म्हणाले. "माझं लक्ष नव्हतं."

वन्संनी मालूकडे पाहिलं. "तू घातलंस का गं?"

मालू माझ्याकडे बघत राहिली. मग मान हलवून म्हणाली, "हो."

ज्या मुलीवरून मी इतकी वर्षं जळत होते, तिने आईला असं पाठीशी घातलं. वन्सं तिला जवळ घेऊन एवढंच म्हणाल्या, "बरं बाई."

त्यांनी सगळी झाडं उपटली. भिंतीच्या टोकाला एक फांदी मातीवर लोळत गेली होती, तिला पेरापाशी मुळं फुटली होती. तेवढी निरोगी होती. ती कापून त्यांनी एका फुटक्या मडक्यात लावली आणि माझ्यासमोर आणून ठेवली.

"हे आता तू बघ."

"माझ्याच्यानं नाही व्हायचं, वन्सं."

"माझ्या हातानं वाढलेलं तुला बघवत न्हाई. तुझ्या हातानं वाढू दे. मला चालतंय."

आवाजात राग नव्हता. मी पाया पडले नाही, माफीही मागितली नाही. तेवढं धैर्य नव्हतं. पण ती फांदी मी जगवली. सकाळी, मुळाशी. शेंडा खुडताना डोळे मिटून घेतले. चैत्रात यजमान ते बघून म्हणाले, "अक्काची बर्बीन परत आली की." वन्सं दळण निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माझी न्हाई. तुझ्या बायकोची हाय."

त्या वर्षी बी मी धरलं, आणि पुढे सहा वर्षं आम्ही दोघींनी तो वाफा केला. मग जांबेहून निरोप आला. त्यांच्या दिराची बायको दोन मुली मागे ठेवून वारली होती. "त्यांनी जाऊ नये" असं मी यजमानांना म्हणाले, तेव्हा ते माझ्याकडे बघतच राहिले. मी वन्संनाही म्हणाले. त्या म्हणाल्या, "तुझी मालू मोठी झाली. तिथं पोरींना कोण हाय?" निम्मं बी त्यांनी नेलं.

तीन वर्षांनी रजाकारांच्या धामधुमीत रस्ते बंद होते, तेव्हा त्या तापाने गेल्या. आम्हाला कळलं दीड महिन्याने. निजामी संपल्यावर मी आणि मालू जांबेला गेलो. दारापाशी बर्बीन पसरलेली होती. थोरली मुलगी अकरा-बारा वर्षांची. पाणी देऊन म्हणाली, "आई तुमचं लई सांगायची. एका साली सगळी झाडं मरून गेल्ती, एक फांदी राह्यल्ती, ती भावजयीनं जगवली म्हणायची."

मालू माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, "मरून गेली नव्हती. मी मारली होती." आणि सगळं सांगितलं.

"आईला ठावं होतं?" धाकटीने विचारलं.

"होतं."

"मंग आम्हाला का न्हाई सांगितलं?"

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. मग त्या दोघी पुन्हा बोलायला लागल्या, एकमेकींचं बोलणं तोडत: आईला हे आवडायचं, आई असं म्हणायची. वन्संना आई म्हणणाऱ्या त्या दोन पोरींचा मला इतका हेवा वाटला की मी मांडीवरचे हात घट्ट धरून बसले. धाकटी म्हणाली, पहाटे जात्यावर बसली की आई इतक्या मोठ्यानं ओव्या म्हणायची, शेजारच्या बाया दारात येऊन ऐकायच्या.

आमच्या घरी सोळा वर्षांत मी वन्संना एकदाही गाताना ऐकलं नव्हतं.